पाणी सोडून पाहणारा माणूस

देवरीला माझी बदली झाली ती १९९४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर. गोंदिया जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो १ मे १९९९ ला झाला. त्यामुळे आमच्या शिक्क्यावर भंडारा जिल्हा असे. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा महामार्ग गावाला लागूनच. थोडं पुढे गेलं की महाराष्ट्राची हद्द संपते. तेव्हा पलीकडे मध्य प्रदेश होता, आता छत्तीसगड आहे. रात्री ट्रकांची रांग, दिवसा धानाच्या बांध्या, आणि चिचगडच्या दिशेने गेलं की जंगल. बँकेची शाखा एका भाड्याच्या घरात होती. माझ्या नशिबाने मी गेलो त्याच वर्षी तिची नवी इमारत पुरी झाली.

उद्घाटनाची तारीख आधी ठरली आणि मग काम तिच्या मागे धावू लागलं. माझ्या फायलीत सगळे दाखले व्यवस्थित लावलेले होते. वायरिंगवाल्याने वायरिंग तपासल्याचा दाखला दिला होता, पंपवाल्याने पंप चालल्याचा आणि जनरेटरवाल्याने जनरेटर चालल्याचा. तीन कंत्राटदार, तीन सह्या, तीन शिक्के. बँकेतला माणूस कागदावर विश्वास ठेवतो. मीही ठेवला.

समारंभाच्या दिवशी वीज गेली. त्यात नवल नव्हतं. जनरेटर सुरू झाला, पंखे फिरले, मंडळींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फक्त वरच्या टाकीत पाणी चढेना. मोटरचा आवाज येत होता, नळाला मात्र थेंब नव्हता. पाहुणे बाहेरच्या हॉटेलचा चहा पिऊन गेले. संध्याकाळी गावातला मोटर भरणारा एक पोरगा आला. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि जनरेटरकडून येणाऱ्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या. पाणी चढलं. जनरेटरवर मोटर उलटी फिरत होती. पंख्यांना याचा पत्ता लागत नाही, कारण ते एका फेजवर चालतात. तीन फेजच्या पंपाला लागतो. पंप सरकारी विजेवर तपासला होता आणि जनरेटर नुसत्या दिव्यांवर. दोन्ही एकत्र चालवून पाहण्याचं काम तिघांपैकी कुणाचंच नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात मागच्या भिंतीला ओल आली. आतल्या नळाचा एक सांधा झिरपत होता. प्लास्टरच्या आधी त्या नळात दाब देऊन पाणी भरून ठेवलं असतं तर तो सांधा त्याच दिवशी सापडला असता. आम्हाला तो रंग आणि फरशी झाल्यावर सापडला. म्हणजे रंग गेला, फरशी गेली आणि आठ दिवस काउंटरवर धूळ बसत राहिली.

ही जुनी गोष्ट आठवण्याचं कारण माझा भाचा. तो पुण्याला असतो. मोठमोठ्या इमारतींमधली वातानुकूलन यंत्रं, पंप, लिफ्ट, आग विझवायची यंत्रणा हे सगळं चालू करून, तपासून मालकाच्या ताब्यात देणं हा त्याचा व्यवसाय. याला कमिशनिंग म्हणतात. सरकारी मराठीत ‘कार्यान्वित करणे’ असा शब्द आहे. तो कोनशिलेवर शोभतो, पण त्यातला घाम त्यात दिसत नाही. मागच्या दिवाळीत भाचा आला आणि ‘लीन’ पद्धतीबद्दल भरभरून बोलला. आपल्याकडे लीन म्हटलं की विठ्ठलाच्या पायी ठेवलेलं डोकं आठवतं. ह्याचं लीन म्हणजे सडपातळ: कामात चरबी नको.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. बांधकामात सगळ्यात मोठी नासाडी सिमेंटची किंवा विटांची नसते. ती असते वाट पाहण्याची आणि केलेलं काम पुन्हा करण्याची. पंधरा मजली इमारत उभी करायची, सगळी यंत्रं बसवायची आणि शेवटच्या महिन्यात सगळं एकदम चालू करून पाहायचं, ही जुनी चाल. मग पहिल्या मजल्यावर झालेली चूक पंधराही मजल्यांवर सापडते, तीही छत बंद झाल्यावर. नवी चाल अशी, की इमारतीत राहणाऱ्याला शेवटी काय हवं ते आधी लिहून काढायचं आणि तिथून उलटं मागे यायचं. भिंत बंद करण्याआधी नळ तपासायचा. एक मजला पुरा करून, चालवून पाहून, त्यातून शिकून मग दुसरा घ्यायचा. पुढे जो माणूस ती यंत्रं सांभाळणार त्याला पहिल्या दिवसापासून हाताशी धरायचं. आणि कुठे काही बिघडलं तर तिथेच थांबायचं. यादीत टिपून पुढे जायचं नाही.

हे शास्त्र जपानचं, असं तो म्हणाला. खरंही आहे. साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या पोराने असा माग बनवला की सूत तुटलं की तो आपोआप थांबे, म्हणजे खराब कापड विणलंच जात नसे. त्यांच्या मुलाने मोटारींचा कारखाना काढला, तिथे ताइइची ओनो यांनी ह्या विचाराची पुरी पद्धत केली आणि १९९० च्या सुमाराला अमेरिकी अभ्यासकांनी तिला लीन हे नाव देऊन जगभर नेलं. बांधकामवाल्यांनी ती त्यानंतर उचलली. सगळं मान्य. पण भाचा बोलत होता तेव्हा माझ्या डोळ्यासमोर जपानी माणूस नव्हता. जरीकाठी फेटा, लांब कोट आणि हातात घड्याळ असलेला दुसराच एक माणूस होता. ज्याच्या नावाच्या नागपूरच्या कॉलेजातून माझा भाचा इंजिनियर होऊन बाहेर पडला, तोच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्याबद्दल आपण बहुतेक दंतकथाच ऐकतो. सरकारी मेणबत्ती आणि घरची मेणबत्ती, आगगाडीत बसून ओळखलेला फुटका रूळ. त्या इथे सांगत नाही. मुलांच्या पुस्तकात त्या असतात आणि तिथे असायलाही हरकत नाही. दंतकथांमुळे झालं असं, की हा माणूस रोज सकाळी कामावर जाऊन नेमकं काय करत होता, हे बाजूलाच राहिलं. त्याच्या उमेदीची पंचवीसएक वर्षं मुंबई इलाख्याच्या चाकरीत गेली हेही आपण विसरलो.

जन्म म्हैसूर संस्थानातल्या चिकबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा, १५ सप्टेंबरचा. साल कुणी १८६० देतात, कुणी १८६१. घराणं मूळ आंध्रातल्या मोक्षगुंडम गावचं. वडील संस्कृतचे पंडित. ते लवकर गेले आणि घरात विद्या उरली, पैसा उरला नाही. बंगळूरला शिकवण्या करून मुलगा १८८१ मध्ये बी.ए. झाला. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली म्हणून पुण्याच्या सायन्स कॉलेजात आला. आजचं इंजिनियरिंग कॉलेज ते हेच. १८८३ च्या परीक्षेत तो इलाख्यात पहिला आला आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाला. पहिली नेमणूक नाशिकला. मग खानदेश.

धुळ्याच्या बाजूला पांझरा नदीच्या पाण्यावरचं एक काम त्यांच्याकडे आलं. ओढ्याच्या तळाखालून नळ घालून पाणी पलीकडे न्यायचं, ज्याला वक्रनलिका म्हणतात. पावसाळा तोंडावर आलेला, वाळू वाहून येऊन खोदलेलं बुजत होतं. तरुण इंजिनियरने काम थोडं पुढे ढकलावं म्हणून वर लिहिलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही. मग पुराच्या दिवसांत, वाळू उपसत, त्याने ते काम पुरं केलं. नोकरीत नव्या असलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. तारीख वरून येते आणि नदी खालून येते, मधे आपण. ह्या अनुभवानंतर त्यांनी आयुष्यभर एक केलं: नदीचं वेळापत्रक आधी पाहिलं आणि कचेरीचं त्याला जुळवून घेतलं.

पांझरेच्या काठी तेव्हा फड पद्धत चालू होती, कित्येक पिढ्यांची. बंधाऱ्याखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एकच पीक, आणि पाणी ज्या फडाची पाळी त्यालाच. पाटकऱ्याने पाणी सोडलं की ते कुठे जाणार आणि कधी संपणार हे सगळ्यांना ठाऊक. तरुण विश्वेश्वरय्यांनी हे डोळे उघडे ठेवून पाहिलं असणार, असं मला वाटतं. कारण पुढे पुणे-नीरेच्या कालव्यांवर त्यांनी जी ब्लॉक पद्धत आणली ती ह्या फडाची लांबची बहीणच दिसते. त्या आधी कालव्याचं पाणी मागेल त्याला, मागेल तिथे जाई. एक शेत इथे, दुसरं मैलभर लांब, आणि मधल्या पाटात अर्धं पाणी जिरून जाई. वर उसाच्या शेतांत पाणी साचून जमिनी खराब होत. त्यांनी गावाजवळची सलग जमीन ब्लॉकमध्ये बांधली. तिच्यातल्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकीत भात किंवा कोरडवाहू पिकं, आणि दर वर्षी फेरपालट. बागायतदारांनी आधी विरोध केला. ह्या माणसाने सभा घेतल्या, हिशेब मांडले, समजूत घातली. पाटात जिरणारं पाणी ही कुणाचीच मिळकत नाही, हा साधा हिशेब होता.

सिंधमधलं सक्करचं काम १८९४-९५ चं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता. शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायचं, पण पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी लागणारे मोठे गाळणहौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. दुसऱ्या एखाद्याने निधी उपलब्ध नाही असा शेरा मारून फाईल परत केली असती. मी स्वतः असे शेरे बरेच मारले आहेत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खोदवली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत विहिरीत येऊ लागलं, म्हणजे नदीची वाळूच गाळणी झाली. पाणी पुरेना तेव्हा विहिरीच्या तळातून नदीखाली बोगदा नेला. मग ते स्वच्छ पाणी पंपाने टेकडीवरच्या टाकीत. जे निसर्ग फुकट करून देतो ते पुन्हा पैसे घालून करायचं नाही: लीनवाल्यांच्या वर्गात हा धडा अजूनही चालेल.

१८९८ मध्ये ते स्वतःच्या खर्चाने जपान पाहायला गेले. एका सरकारी नोकराने, रजा काढून, पदरचे पैसे घालून कारखाने आणि शाळा पाहायला परदेशी जावं ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. टोयोडा तेव्हा आपल्या यंत्रमागावर काम करत होते. दोघांची गाठ पडली होती असं म्हणायला काही आधार नाही आणि मी म्हणतही नाही. पण तुटलं की आपण होऊन थांबणारा माग आणि भरलं की आपण होऊन उघडणारा दरवाजा ह्या दोन कल्पना पाच-सात वर्षांच्या अंतराने प्रत्यक्षात आल्या, एक जपानात आणि एक पुण्याजवळ.

तो दरवाजा खडकवासल्याचा. पुणे आणि खडकी छावणीचं पाणी तिथल्या तलावातून येई. इंग्रज त्याला लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी सांडव्यावरून सहा-आठ फुटांच्या लोटाने वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर तहानलेलं. सोपा उपाय म्हणजे धरणाची भिंत उंच करणं, पण तिचा खर्च मोठा, आणि जुन्या भिंतीवर भार वाढवणं जोखमीचं. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्यावर दरवाजे बसवले. ते बंद असले की तलावात सुमारे आठ फूट जास्त पाणी राही. प्रश्न पुराचा होता. रात्री दोन वाजता लोंढा आला तर दरवाजे उघडणार कोण? चौकीदार झोपला, आजारी पडला, साप चावून मेला, तर? म्हणून दरवाजा वजनांच्या तोलावर टांगला आणि त्या तोलाचा संबंध एका हौदाशी जोडला. तलावाची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की पाणी हौदात उतरे, तोल बदले आणि दरवाजा उघडे. पूर ओसरला की हौद रिकामा होई आणि दरवाजा पुन्हा आपल्या जागी. माणूस नको, दोरी नको, तार नको. ज्या पाण्यापासून धोका तेच पाणी दरवाजा चालवी.

१९०३ मध्ये हे दरवाजे बसले. त्यांनी पेटंट घेतलं, पण सरकारकडून मानधन घ्यायचं नाकारलं, कारण ज्या खात्यात आपण पगार घेतो त्याच्या कामावर वेगळे पैसे घेणं त्यांना पटेना. ह्या गोष्टीचं कौतुक नेहमी होतं. मला कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ह्या यंत्राची चाचणी समारंभाच्या दिवशी नव्हती. ती दर पावसाळ्यात होती, नदी स्वतः घेत होती. हे दरवाजे खडकवासल्यात चालले, आणि मग ते ग्वाल्हेरच्या तिघ्रा धरणावर आणि पुढे कृष्णराजसागरवर गेले. आधी एका जागी, चालवून पाहून, मग दुसरीकडे. भाच्याच्या एका मजल्याची गोष्ट ती हीच.

तिघ्राचं नाव घेतलं आहे तर पुढचंही सांगायला हवं. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते धरण फुटलं. दोष दरवाजांचा नव्हता. खालच्या वालुकाश्मातून पाणी शिरत राहिलं आणि पाया सरकला. म्हणजे वरचा भाग शंभर नंबरी आणि तळ मात्र तसा तपासलेला नाही. माझ्या फायलीतले ते तीन दाखले मला इथे आठवतात. प्रत्येक तुकडा चांगला असून सगळं मिळून चालत नाही, ही गोष्ट किती लहान असू शकते आणि किती मोठी!

खात्यात त्यांची बढती होत गेली. १९०६ मध्ये एडनला जाऊन तिथल्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना त्यांनी आखून दिली. पुण्यात रानडे आणि गोखले यांच्या सहवासात त्यांच्या विचाराला धार आली होती. पण मुख्य इंजिनियरची खुर्ची हिंदी माणसाला मिळणार नाही हे दिसत होतं. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी आपण होऊन निवृत्ती घेतली. त्याच सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद बुडवलं. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. नदीच्या काठाने भिंती बांधत बसण्यापेक्षा पुराला शहराच्या वरच अडवावं, असा त्यांचा सल्ला पडला. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं त्यातून पुढे झाली, पहिलं १९२० मध्ये आणि दुसरं १९२७ मध्ये.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले, १९१२ मध्ये दिवाण. ह्या काळावर लिहायचं तर अख्खी पुरवणी लागेल, म्हणून मी घाईने जातो. बँक ऑफ म्हैसूर १९१३ ची, म्हैसूर विद्यापीठ १९१६ चं. माझ्यातला बँकवाला ह्या पहिल्या नावापाशी थोडा रेंगाळतो. ती बँक पुढे स्टेट बँकेच्या कुटुंबात गेली आणि २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. १९१८ मध्ये ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद होऊन त्यांनी दिवाणपद सोडलं. गुणवत्तेचं माप सगळ्यांना एकच असावं असं त्यांचं म्हणणं होतं. इथे मी त्यांच्या बाजूचा नाही. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचावं म्हणून जो माणूस ब्लॉक आखतो, त्याला समाजाच्या कालव्याचं टोक दिसू नये ह्याचं मला वाईट वाटतं.

कृष्णराजसागरचं काम १९११ मध्ये सुरू झालं. कावेरीच्या पाण्यावरून मद्रास सरकारशी वाद होता आणि पहिल्या टप्प्याला ८० फुटांचीच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढच्या पुऱ्या उंचीचा घेतला. हे धाडस होतं. परवानगी आलीच नसती तर जास्तीचा पैसा पाण्यात गेला असता. पण धरण उंच करायचं ठरल्यावर पाया रुंद करणं म्हणजे प्लास्टर झालेली भिंत फोडण्यासारखं. आणखी एक गोष्ट पाहा. धरण पुरं व्हायला वीस वर्षं लागली, पण तोवर पाणी वाया जात नव्हतं. खाली शिवनसमुद्रला वीजघर होतं, तिथली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना जाई आणि उन्हाळ्यात नदी आटली की वीजघर अडे. अर्धवट उभ्या धरणातलं पाणीही त्या वीजघराच्या कामी येऊ लागलं. एक टप्पा पुरा, तपासलेला, वापरात, मग पुढचा.

पुढे १९२३ मध्ये भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना तोट्यात असताना त्यांच्याकडे सोपवला गेला. साठी उलटलेला हा माणूस तिथे सहा वर्षं बसला आणि कारखाना सावरला. १९३४ मध्ये देशाच्या नियोजनावर पुस्तक लिहिलं, १९५१ मध्ये आठवणी. त्या आठवणी मी वाचल्या आहेत. त्यांत घर नाही, दुखणं नाही, राग जवळजवळ नाही. कामांमागून कामं आहेत. कादंबरीकार म्हणून मला त्या कोरड्या वाटल्या आणि बँकेतला माणूस म्हणून दिलासा देणाऱ्या. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

आणि मग १२ जुलै १९६१.

त्या सकाळी पुण्याच्या वरचं पानशेतचं नवं मातीचं धरण फुटलं. त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि त्याच दिवशी खडकवासल्यालाही खिंडार पडलं. पेठांमध्ये, नदीकाठच्या वाड्यांत पाणी घुसलं. पुणेकरांच्या घरांत आजही त्या दिवसाच्या खुणा सांगितल्या जातात. पानशेतचं काम लवकर पुरं करायची घाई झाली होती. पाणी बाहेर सोडायच्या मोरीचं आणि तिच्या दरवाजाचं काम पुरतं झालेलं नव्हतं, आणि तरी त्या पावसाळ्यात धरणात पहिल्यांदा पाणी साठलं. जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती रचली, पण मातीचं धरण खचू लागल्यावर पोती काय करणार!

कृष्णराजसागरही अर्धवट असतानाच वापरात आलं होतं आणि पानशेतही. फरक एवढाच, की एका ठिकाणी पाणी अडवण्याआधी पाण्याला बाहेरची वाट होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती पुरी व्हायची होती. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की त्यांच्या कामातही हल्ली लीनच्या नावाखाली नुसती तारीख अलीकडे ओढतात. चाचणीचे दिवस कापले की वेळ वाचला असं तक्त्यावर दिसतं. वाट पाहणं कमी करा असं सांगितलं तर लोक तपासणं कमी करतात.

विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते, शंभरीच्या घरात. ज्या धरणाच्या भिंतीला हात न लावता त्यांनी शहराला आठ फूट पाणी जास्त दिलं होतं, ती भिंत त्यांच्या हयातीत गेली. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते वारले. त्याच वर्षी नागपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं. खडकवासल्याची भिंत नंतर बांधून काढली.

देवरी तालुक्यातच, बाघ नदीवर, सिरपूरचं धरण आहे. शाखेतल्या दिवसांत मी रविवारी तिकडे जात असे. मे महिन्याच्या एका दुपारी तिथे कुणीच नसेल अशा उन्हात दोन माणसं दरवाजांशी काहीतरी करताना दिसली. तलाव तळाला गेलेला होता, पाऊस महिनाभर लांब. त्यांनी साखळ्यांना, चाकांना ग्रीस भरलं, मग एक दरवाजा कुरकुरत वर घेतला. खाली पाण्याचा टिपूस नव्हता. तो पुन्हा खाली सोडला, सावकाश, टेकेपर्यंत. त्यातल्या वयस्काने वहीत काहीतरी लिहिलं, विडी पेटवली आणि दोघं पुढच्या दरवाजाकडे गेले.